डी अँड डीचं फुकट साहित्य: काय उतरवायचं, काय छापायचं, काय सोडून द्यायचं

माझं नागपूरच्या महाल भागात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शपथपत्रं, गणेश मंडळाच्या पावत्या, शाळेच्या प्रश्नपत्रिका, असं सगळं. भाचा इंजिनिअरिंगला गेला आणि त्याच्यामागे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ घरात आलं. आता रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आतल्या टेबलावर खेळ चालतो. खेळवते मी, कारण प्रिंटर माझा आहे. दुकानात येणारे पोट्टे हल्ली विचारून राहिले, ‘मावशी, हे नकाशे-बिकाशे आणता कुठून?’ प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे, तिथून १९७४ साली हा खेळ बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ही त्याची मूळ जोडी. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात: कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर. ‘मी भिंतीवर चढतो’ असं कुणी म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राचा बोनस मिळवायचा. आकडा पुरला तर चढला, नाही तर पडला. बाकीचं खेळता खेळता कळतं.

चाहत्यांनी फुकट वाटलेलं साहित्य नेटवर इतकं आहे की तुटवडा कशाचाच नाही. होतं काय, नवा डीएम रात्र-रात्र जागून दिसेल ते उतरवतो, फोल्डर फुगतं, आणि रविवारी टेबलावर त्यातलं एक पान सापडत नाही. माझी चाळणी धंद्यातून आलेली आहे: येत्या रविवारी लागणार असेल आणि एका कागदावर मावत असेल, तरच घ्यायचं. खेळवताना डीएमच्या हाताशी दोन-तीन कागदांपेक्षा जास्त काही राहत नाही. मोबाइलवर टॅबच्या टॅब उघडे ठेवून खेळवणारे मी पाहिले आहेत. त्यांचा निम्मा वेळ ‘थांब बे, शोधून राहिलो’ यातच जातो.

नियम आधी, आणि तेही हक्काचे

पेन ड्राइव्हवर स्कॅन केलेली जाडजूड पुस्तकं घेऊन ‘मावशी, स्पायरल करून द्या’ म्हणणारे येतात. मी करून देत नाही. भाषण देत नाही, पण त्याची गरजच नाही हे सांगते. नियमांचा गाभा हा खेळ छापणाऱ्या कंपनीनेच, ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने, फुकट ठेवलेला आहे. त्याचं नाव ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट’, बोलताना एसआरडी. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीचे बाराही क्लास (म्हणजे लढवय्या, जादूगार असे पात्रांचे प्रकार), मंत्र, जादूच्या वस्तू, राक्षस आणि प्राण्यांचा मोठा साठा त्यात आहे.

हे खुलं कसं झालं तेही माहीत असू द्या, कारण तुमचे हक्क त्यातूनच आले. जानेवारी २०२३ मध्ये ही कंपनी जुन्या खुल्या परवान्याच्या अटी बदलायला निघाली होती. चाहते आणि छोटे प्रकाशक असे उसळले की महिना संपायच्या आत कंपनीने बेत गुंडाळला आणि एसआरडी ५.१ थेट क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘सीसी बाय ४.०’ परवान्याखाली ठेवून दिला. हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. तुम्ही ते छापू शकता, वाटू शकता, मराठीत आणू शकता, त्यावरून केलेलं साहस विकूही शकता. अट एकच, श्रेयाची ओळ टाकायची. २०२४ मध्ये सुधारलेली पुस्तकं आली आणि त्यांचा एसआरडी ५.२ एप्रिल २०२५ मध्ये त्याच परवान्याखाली मिळाला.

काय नाही तेही सांगते. प्रत्येक क्लासचा एकच पोटप्रकार त्यात आहे. डोळ्याच्या गोळ्यासारखा तरंगणारा बिहोल्डर आणि मेंदू खाणारा माइंड फ्लेयर कंपनीने स्वतःकडे ठेवलेत. घरच्या टेबलावर तुम्ही काहीही आणा, कोण बघायला येतंय. पण वाटण्यासाठी, विकण्यासाठी जे कराल त्यात ही नावं नकोत.

एसआरडी ५.१ची पीडीएफ ४०३ पानांची आहे. ती अख्खी छापायला सांगणाऱ्याला मी आधी खुर्ची देते, मग पाणी, मग समजावते. तुमच्या टेबलावर जे चार क्लास आहेत त्यांची पानं काढा, लढाईचं प्रकरण काढा, आणि आंधळा, बेशुद्ध, जखडलेला वगैरे अवस्थांची पानं काढा. मंत्र सगळे नकोत, पहिल्या लेव्हलचे पुरतात. ऐनवेळी काही शोधायचं असेल तर ‘ओपन५ई’ नावाच्या ठिकाणी हाच मजकूर शोधता येईल असा मांडलेला आहे, मोबाइलवर नीट चालतो.

शाळकरी मुलांना खेळवायचं असेल तर मी पाचव्या आवृत्तीपेक्षा ‘बेसिक फँटसी’ सुचवेन. ख्रिस गॉनरमन यांनी सुरू केलेलं, चाहत्यांनीच वाढवलेलं, जुन्या वळणाचं पुस्तक आहे आणि पूर्ण पीडीएफ फुकट आहे. पात्र दहा मिनिटांत तयार होतं. पात्र तितक्याच लवकर मरतंही, मुलांना त्याचीच मजा येते. पाथफाइंडर हा डी अँड डीतूनच फुटलेला दुसरा खेळ, तो खेळणाऱ्यांचं बरं आहे, त्यांचे सगळे नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’वर अधिकृतपणे फुकट आहेत. पण नवख्याने तिथे पाऊल टाकलं तर वाट सापडायला आठवडा जाईल.

नकाशे: छापून कसे दिसतील ते बघून निवडा

स्क्रीनवर सुंदर दिसणारा नकाशा कागदावर काळा ढीग होतो, हे मी रोज बघते. गर्द जांभळी गुहा, लाव्हाचा उजेड, काळी पार्श्वभूमी: असलं काही आणलंत तर टोनर तुमचा संपेल आणि चौकोन कुणालाच दिसणार नाहीत. म्हणून माझा पहिला हात जातो तो डायसन लोगोज या नावाने काम करणाऱ्या नकाशाकाराकडे. काळ्या-पांढऱ्या रेघांचे, भिंतीलगत तिरप्या आडव्या रेघांची नक्षी असलेले नकाशे. झेरॉक्सच्या झेरॉक्सवरही रेघ तुटत नाही. वर्षानुवर्षं तो माणूस काढतो आहे, आणि त्यातले पुष्कळ नकाशे त्याच्या वर्गणीदारांच्या पैशावर व्यावसायिक वापरासाठीही मोकळे केलेले आहेत. नकाशाखाली तसं लिहिलेलं असतं, ते वाचायचं.

नकाशा हवा तसा मिळत नसेल तर यंत्राकडून काढून घ्या. ‘वाताबू’ या नावाखाली काही जनरेटर आहेत: एक शहराचा, एक खेड्याचा, एक एकपानी तळघराचा. ब्राउझरमध्ये उघडतात, एंटर दाबलं की नवं तळघर समोर. ‘डॉनजॉन’ हा त्याहून जुना आणि दिसायला रुक्ष, पण कामाचा गडी. खोल्या किती, वळणं किती, लपलेले दरवाजे हवेत का, सगळं विचारतो आणि डीएमचा नकाशा वेगळा, खेळाडूंचा वेगळा देतो. दुसऱ्यात चोरदरवाजे दिसत नाहीत. हे दोन कागद वेगवेगळ्या रंगाच्या फायलीत ठेवा. मी पिवळी फाइल माझी ठेवते, तिला कुणी हात लावायचा नाही.

डॉनजॉन प्रत्येक खोलीत काहीतरी भरून देतो: इथे तीन सांगाडे, तिथे विषारी सुई, पलीकडे रिकामी पेटी. ते जसंच्या तसं खेळवू नका. सांगाड्यांच्या शेजारच्या खोलीत निवांत झोपलेलं अस्वल कसं काय, असं कुणीतरी विचारणारच. पाच-सहा खोल्या ठेवा, बाकीच्यांवर काट मारा, आणि उरलेल्यांत कोण कुणाला घाबरतं एवढं ठरवा.

आणि नकाशासकट गोष्टही आयती हवी असेल तर ‘वन पेज डंजन’ स्पर्धेच्या जुन्या प्रवेशिका बघा. २००९ पासूनची परंपरा आहे, नियमच असा की अख्खं साहस एका पानात बसवायचं. नकाशा, खोल्या, राक्षस, गोष्टीचा पीळ, सगळं एका पानात. माझ्यासारखीला याहून काय हवं! या प्रवेशिका क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली येतात की बदल करून वाटता येतात, फक्त बदललेलंही त्याच परवान्याखाली मोकळं ठेवावं लागतं. सगळ्याच चांगल्या नसतात. काहींनी एका पानात इतकं कोंबलंय की अक्षर वाचायला भिंग लागेल. मी एक चाचणी लावते: पान ए-फोरवर छापून हाताच्या अंतरावर धरायचं. वाचता आलं तर ठेवायचं.

चार गोब्लिन किती भारी पडतात

नव्या डीएमचा हमखास गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबते. चार खेळाडू आहेत, सगळे पहिल्या लेव्हलचे. मनात येतं, समोर चार गोब्लिन (बुटके, खोडकर राक्षस) ठेवू, बरोबरीची लढाई. आता २०१४च्या नियमांनी हिशेब करा. लढाई किती भारी ते गुणांत मोजतात: पहिल्या लेव्हलच्या एका पात्रामागे सोपी लढाई २५ गुणांची, मध्यम ५०, अवघड ७५ आणि जीवघेणी १००. चौघांचे मिळून झाले १००, २००, ३००, ४००. एक गोब्लिन ५० गुणांचा, चार म्हणजे २००. मध्यम वाटते ना? पण शत्रू तीन ते सहा असले की बेरजेला दोनने गुणायचं असतं. झाले ४००. म्हणजे जीवघेणी.

हे नुसतं कागदावरचं नाही. गोब्लिनचा वार सरासरी पाचच्या वर जातो आणि पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे सहा-सात हिट पॉइंट, म्हणजे तेवढाच जीव, असतो. दोन वार लागले की तो आडवा. उलट दोनच गोब्लिन ठेवले तर १०० गुणिले दीड, म्हणजे १५०: सोप्या आणि मध्यमच्या अधेमधे. पहिल्या रविवारी एवढंच ठेवा.

हा गुणाकार हाताने करायची गरज नाही. ‘कोबोल्ड प्लस’ नावाचं चाहत्यांचं गणकयंत्र आहे: खेळाडू किती, लेव्हल कोणती, राक्षस कोणते ते टाकलं की लढाई किती अवघड ते सांगतं. पण तिथे नियमांचं साल नीट निवडा. २०२४च्या पुस्तकाने तो गुणाकार काढून टाकला आणि पायऱ्याही बदलल्या. त्या हिशेबाने पहिल्या लेव्हलच्या चौघांसमोर हेच चार गोब्लिन हलक्या लढाईत मोडतात! दोन पुस्तकांची दोन मतं, आणि रविवारी मरणारा जादूगार तर एकच. मी पहिल्या-दुसऱ्या लेव्हलपुरतं जुन्या हिशेबावर विश्वास ठेवते.

सालाची ही भानगड सगळीकडेच लागू आहे. कुठल्याही चाहत्याच्या पानावर गेलात की आधी बघा, हे कोणत्या आवृत्तीसाठी लिहिलंय. २०००च्या दशकातल्या तिसऱ्या आवृत्तीचे मंत्र सर्चमध्ये आजही वर येतात आणि मुलं ते घेऊन भांडत बसतात. दुसरं बघायचं, पानावर ‘होमब्रू’ असं लिहिलंय का. म्हणजे कुणीतरी घरी रचलेलं. त्यातलं काही फार छान असतं, काही निव्वळ भैताडपणा असतो. ‘एका झटक्यात शंभर डॅमेज’ असला क्लास घेऊन कुणी आलं तर मी गोड बोलून नाही म्हणते.

गोब्लिनच कशाला, बडगा आणा

फुकट साहित्याचा खरा उपयोग मला इथे झाला. राक्षसाचे आकडे तसेच ठेवायचे आणि त्याला आपल्याकडचं सोंग द्यायचं.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, आणि सोबत बांबू-कागदाचे अवाढव्य बडगे, त्या वर्षीच्या सगळ्या पीडांच्या नावाने: महागाईचा, रस्त्यातल्या खड्ड्यांचा, पुढाऱ्यांचा. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत शेवटी जाळतात. मारबतीला खेळात आणू नका, बायका लेकरांना घेऊन तिच्या दर्शनाला येतात, तिचा मान तिला राहू द्या. बडगा मात्र थट्टेसाठीच असतो.

एसआरडीतला ओग्र, म्हणजे दांडगा राक्षस, घ्या. आर्मर क्लास ११ (त्याला वार लागायला लागणारा आकडा), हिट पॉइंट ५९, सोट्याच्या वाराला फाशावर अधिक ६, लागला तर इजा दोन आठबाजू फासे अधिक चार. एवढं सगळं तसंच. त्यात माझे तीन बदल: आगीने दुप्पट इजा, विषाचा परिणाम नाही (कागदाला कसलं विष), आणि अरुंद बोळात शिरला की अडकतो. गुण ४५०. पहिल्या लेव्हलच्या चौघांची जीवघेणी रेघ ४००वर आहे, म्हणून तेव्हा आणू नका. दुसऱ्या लेव्हलला मध्यमची रेघ ४०० आणि अवघडची ६०० होते, तिथे तो नेमका बसतो.

गोष्ट अशी: रात्री इतवारीसारख्या एका बाजारपेठेत दुकानं फुटून राहिली आहेत आणि गेल्या वर्षी जाळायचा राहून गेलेला एक बडगा कुणीतरी मंत्राने उठवलाय. हे खेळाडूंनी ओळखायचं. इथे जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ मध्ये मांडलेला ‘तीन सुगाव्यांचा नियम’ पाठ करून ठेवा. खेळाडूंनी जे ओळखावं असं वाटतं, त्याचे कमीत कमी तीन सुगावे पेरायचे, कारण एक ते बघणारच नाहीत, दुसऱ्याचा अर्थ उलटा लावतील, तिसरा कामी येईल. मी पेरले ते असे: चिखलात पायाच्या जागी बांबूच्या टोकांचे गोल ठसे, फुटलेल्या दारावर खळीने चिकटलेला रंगीत कागद, आणि ‘खड्डेवाला बाबा चालत गेला’ म्हणणारं एक लहान पोरगं. भाच्याच्या मंडळींनी ठसे पाहिलेच नाहीत. कागद पाहून त्यांनी थेट एका छापखानेवाल्यावर संशय घेतला, माझ्याकडे बघून. शेवटी त्या पोराने वाचवलं.

तयारीच्या बाबतीत माइक शे यांचं ‘आळशी डीएम’चं साहित्यही खुल्या परवान्याखाली आहे. त्यातली एक सवय घ्यावी: दर खेळाआधी दहा छोटी गुपितं लिहून ठेवायची, पण ती कुणाकडून, कुठे कळतील हे ठरवायचं नाही. खेळाडू जिकडे जातील तिकडे ती सापडतात. दहा ओळी, अर्धं पान. माझ्या कागदाच्या खालच्या अर्ध्यात तेच असतं.

छापाई

परदेशी पीडीएफ बहुधा लेटर आकाराच्या असतात: साडेआठ बाय अकरा इंच. आपला ए-फोर रुंदीला किंचित कमी आणि लांबीला जास्त. प्रिंटच्या खिडकीत ‘फिट’ आपोआप निवडलेलं असतं आणि तिथेच घात होतो. खेळात एक इंचाचं घर म्हणजे पाच फूट, आणि फिट केलं की ते घर आक्रसतं. ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के निवडा. बाजूचं दोन-तीन मिलिमीटर कापलं जाईल, जाऊ द्या. छापून आलेल्या चौकोनावर फूटपट्टी ठेवून बघा. दुकानदार ‘बरोबरच आहे’ म्हणाला तरी ठेवा.

मोठा नकाशा हवा असेल तर ॲक्रोबॅट रीडरमध्ये ‘पोस्टर’ नावाचा पर्याय आहे. तो नकाशा अनेक ए-फोरवर तोडून देतो, कापायच्या खुणांसकट. पण मला विचाराल तर फ्लेक्सवाल्याकडे जा. दोन बाय तीन फुटांचा फ्लेक्स म्हणजे चोवीस बाय छत्तीस घरं, एका मोठ्या लढाईला पुष्कळ झालं. तर्री-पोह्यांची तर्री सांडली तरी पुसून घेता येते, आणि आमच्याकडे ती सांडतेच. फक्त चित्राचे पिक्सेल आधी बघा. ऑनलाइन खेळण्यासाठी केलेल्या नकाशात एका घराला बऱ्याचदा ७० पिक्सेल असतात. स्क्रीनला ठीक, छापलं की धुरकट. घराला दीडशे तरी असावेत, म्हणजे या मापाला ३६०० बाय ५४००.

पात्रांच्या बाहुल्या ‘प्रिंटेबल हिरोज’सारख्या ठिकाणी काही फुकट मिळतात. जाड कार्डावर छापून, मधे दुमडून उभ्या करायच्या. नागपूरच्या मे महिन्यात कूलर समोरून चालू असतो आणि पहिल्याच झोतात अख्खी टोळी टेबलाखाली जाते. खाली पाचचं नाणं चिकटवा. ते इंचाच्या घरात बसतं, दहाचं थोडं बाहेर येतं. ओग्रसारखा मोठा प्राणी चार घरं व्यापतो, त्याला पत्रिकेच्या पुठ्ठ्याचा दोन इंची चौकोन.

फाशांचा सात नगांचा सेट ऑनलाइन मागवावा लागतो. येईपर्यंत पत्त्यांनी भागवा. एक लाल रंग आणि एक काळा रंग घ्या, दोन्हींचे एक्का ते दहा, झाले वीस पत्ते. लाल आला तर जो आकडा तोच, काळा आला तर त्यात दहा मिळवा. बारा बाजूंच्या फाशासाठी एका रंगाचे एक्का ते राणी, गुलाम अकरा, राणी बारा. आठ आणि चारसाठी तेवढेच पत्ते हातात ठेवा. सहाचा फासा लुडोतला. दरवेळी पत्ता परत घालून पिसायचं, नाही तर हुशार पोट्टे उरलेले पत्ते मोजतात.

मराठीत पान लावायचं असेल तर

‘होमब्रुअरी’ हे फार गोड साधन आहे. साध्या खुणा टाकून मजकूर लिहायचा आणि पान अगदी खऱ्या पुस्तकासारखं दिसतं, जुन्या कागदाचा रंग, राक्षसाची चौकट, सगळं. पण त्याच्या ठेवणीतल्या फाँटांत देवनागरी नाही. मग ब्राउझर हाताला लागेल तो फाँट लावतो आणि ओळी एकमेकींवर चढतात. तिथे ‘स्टाइल’चा वेगळा भाग आहे, त्यात फाँटचं नाव स्वतः द्या आणि ओळींमधलं अंतर वाढवा. मजकुराला ‘तिरो देवनागरी मराठी’ लावते मी, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात. तक्त्यांना ‘मुक्ता’. दोन्ही गुगल फाँट्सवर फुकट. जुन्या दुकानात नेणार असाल तर वर्ड फाइल देऊ नका. तिथे अजून जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फाँट चालतात, तुमचा ड्रॅगन चौकोन-चौकोन होऊन बाहेर येईल. पीडीएफच द्या. आणि पार्श्वभूमीचा तो मातकट रंग छापताना बंद करा, टोनरचे पैसे वाचतात.

पुण्याला नोकरीवर गेलेला एखादा खेळाडू असतोच. त्याच्यासाठी ‘आउलबेअर रोडिओ’ उघडा. नकाशाचं चित्र टाकायचं, दुवा पाठवायचा, त्याला खातंही काढावं लागत नाही. ‘रोल२०’ २०१२ पासून आहे आणि त्यात पात्राचा कागद, फासे सगळं आहे, पण एका माणसासाठी एवढा पसारा मी मांडत नाही. पाऊस, गुहा, बाजार असे आवाज ‘टेबलटॉप ऑडिओ’वर दहा-दहा मिनिटांचे मिळतात. आवाज बारीक ठेवा, नाही तर अर्ध्या शटरखालून गिऱ्हाईक वाकून बघतं.

राहिलं तुम्ही केलेलं इतरांना देण्याचं. एसआरडीतलं काही वापरलं असेल तर त्याच्या पहिल्या पानावर श्रेयाची एक ठरलेली इंग्रजी ओळ दिलेली आहे, ती जशीच्या तशी तळाला टाका, आठ पॉइंटमध्ये चालते. काय बदललंत तेही एका ओळीत लिहा. कंपनीच्या शहरांची, पात्रांची नावं घ्यायची असतील तर तिचं चाहत्यांसाठीचं वेगळं धोरण आहे: फुकट द्यायचं, अनधिकृत आहे असं लिहायचं, लोगो लावायचा नाही. त्याच जगातलं साहस पैशाला विकायचं असेल तर ‘डीएम्स गिल्ड’, २०१६ पासून तेवढ्यासाठीच आहे. नकाशा दुसऱ्याचा असेल तर त्याचं नाव नकाशाच्या शेजारी टाका, शेवटच्या पानावर लपवू नका. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की ते चित्र दाबतं, आणि मग ज्याच्या-त्याच्या दुकानात मावशीला विचारावं लागतं, हे घर आहे की डाग.